ऋतूच्या हुकमातले मेळे

मुंबईहून नागपुरास जाणाऱ्या लोहमार्गावर अकोला मागे पडले आणि बडनेरा यावयाचे राहिले, की मध्ये मूर्तिजापूर लागते. तालुक्याचे ठिकाण आणि कापसाची बाजारपेठ एवढीच त्याची ओळख परगावच्या माणसास असते. परंतु ज्याने जुन्या वऱ्हाडचा नकाशा निरखून पाहिला असेल, त्यास येथून फुटणाऱ्या दोन अरुंद रुळांच्या फाट्यांचे विस्मरण होणे शक्य नाही. एक फाटा उत्तरेस दर्यापूर आणि अंजनगाव सुर्जीवरून अचलपुरास, म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याशी जातो. दुसरा दक्षिणेस कारंजा आणि दारव्हा यांवरून यवतमाळास पोचतो. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हे रूळ घातले ते कापसाच्या गाठी वाहण्यासाठी. पुढे 'शकुंतला' या लाडक्या नावाने ओळखल्या गेलेल्या या गाडीस १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन होते. आता दोन्ही फाटे बंद आहेत, आणि ते रुंद करण्याची मागणी निवडणुकीगणिक नव्याने ऐकू येते. तो विषय येथे नाही. मला त्या रुळांचा उपयोग निराळ्याच एका मोजणीसाठी करावयाचा आहे: पायनघाटाचे सपाट रान, दक्षिणेकडील बंजाऱ्यांचे तांडे आणि उत्तरेकडील कोरकूंचा मेळघाट या तिन्ही मुलखांतील गाणाऱ्या-नाचणाऱ्या मेळ्यांची परंपरा मूर्तिजापुरात उभे राहून जितकी एका दृष्टिक्षेपात येते, तितकी वऱ्हाडात अन्यत्र क्वचितच येत असेल.

या मेळ्यांचे वैशिष्ट्य उमगावे म्हणून प्रथम थोडे दूर, रशियात जावे लागेल. मित्रोफान प्यात्नित्स्की हा व्होरोनेझ प्रांतातील एका खेड्यात १८६४ साली जन्मलेला गृहस्थ. गावोगाव फिरून शेतकऱ्यांची गाणी फोनोग्राफच्या मेणाच्या नळ्यांवर उतरवून घेण्याचा त्याला नाद होता. केवळ संग्रहाने त्याचे समाधान झाले नाही. व्होरोनेझ, रियाझान आणि स्मोलेन्स्क या प्रांतांतील अस्सल शेतकरी स्त्रीपुरुष एकत्र करून १९११ च्या आरंभी त्याने मॉस्कोच्या श्रोत्यांपुढे त्यांचे गायन करविले. ही मंडळी सुरुवातीस मैफलीपुरती मॉस्कोस येत आणि मैफल आटोपली की आपल्या वावरांत परत जात. प्यात्नित्स्की १९२७ मध्ये वारला. त्यानंतर व्लादिमीर झाखारोव या संगीतकाराच्या कारकीर्दीत या मेळ्याचे रूपांतर हळूहळू सरकारी संस्थेत झाले. १९३८ मध्ये त्यास नर्तकांचा स्वतंत्र ताफा मिळाला आणि तात्याना उस्तिनोवा या बाईंकडे त्याची मुखत्यारी आली. गायकवृंद, नर्तकवृंद आणि बालालायकादी वाद्यांचा वृंद अशी त्रिदल रचना ठरून गेली. पुढे रशियातील प्रांतोप्रांतीच्या मेळ्यांनी बहुतांशी हाच नमुना गिरविला. आर्खांगेल्स्कचा उत्तरी वृंद मुळात अंतोनिना कोलोतिलोवा या शिक्षिकेने १९२६ मध्ये वेलिकी उस्त्युग या गावी उभा केला होता. उरलचा वृंद १९४३ चा, ओम्स्कचा १९५० चा. त्या त्या प्रांताचे सूर, त्या त्या प्रांताचा सराफान, पाय उचलण्याची त्या त्या गावची लकब, हे सर्व या संस्थांनी कसोशीने जतन केले यात संशय नाही. मात्र वसंतात कुरणावर रिंगण धरून गावयाचे गाणे आता वर्षाच्या बाराही महिने, तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांपुढे गाता येऊ लागले.

वऱ्हाडात असा पगारी, गणवेशधारी, प्रांताच्या नावाने मिरविणारा वृंद झाला नाही. सरकारचे औदासीन्य हे त्याचे एक कारण खरेच. पण त्याहून खोल कारण असे, की येथला प्रत्येक मेळा कोणत्यातरी तिथीशी, पिकाशी आणि जमातीशी इतक्या घट्ट गाठीने बांधलेला आहे, की त्या गाठीपासून सोडविल्यास तो उभाच राहू शकत नाही. पोळ्याची झडती घ्या. श्रावणी अमावास्येस तोरणाखाली बैलजोड्या रांगेने उभ्या राहिल्या, पाटलाची मानाची जोडी पुढे झाली, की गावातला कोणी तोंडाळ कास्तकार पुढे येऊन चार-सहा ओळींची यमकबद्ध झडती म्हणतो. तीत सावकार येतो, कापसाचा भाव येतो, पुढाऱ्याची आणि व्यापाऱ्याची यथास्थित हजेरी घेतली जाते आणि शेवटी 'हर हर महादेव'च्या गजरात सारे गाव तिच्यावर शिक्कामोर्तब करते. रशियन खेड्यांत 'चास्तुश्का' या नावाने चार ओळींचे असेच टोचणारे गाणे चालते. पण ते कोणत्याही संध्याकाळी म्हणता येते. आमची झडती तोरण तुटले की वर्षभराकरिता मुकी होते.

तीच गोष्ट भुलाबाईची, आणि येथे जरा थांबले पाहिजे. भाद्रपदातील पौर्णिमेस भुलाबाई आणि भुलोजी, म्हणजे पार्वती आणि शंकर, यांची मातीची रंगीत जोडमूर्ती घरोघर बसते. पार्वतीच्या मांडीवर बहुधा चिमुकला गणपती असतो. तेव्हापासून कोजागिरीपर्यंत महिनाभर रोज सायंकाळी आळीतल्या मुली टिपऱ्या घेऊन एका घराहून दुसऱ्या घरी जातात. गाण्यांची चाल संथ, जवळजवळ एकसुरी; टिपरीवर टिपरी पडावी आणि ओळ पुढे सरकावी. अर्थ मात्र मुळीच एकसुरी नसतो. सासूचा जाच, माहेरचे मुऱ्हाळी, न दिलेला दागिना, रुसलेली वहिनी असा सारा संसार त्यांत असतो. तो गातात कोण? तर ज्यांना अद्याप संसाराची चाहूलही लागलेली नाही अशा आठ-दहा वर्षांच्या पोरी! आजीने आईस आणि आईने लेकीस न शिकविता शिकविलेले हे काव्य असून त्यास ना उस्ताद आहे, ना तालीम.

गाणी संपली की खिरापत. घरच्या बाईने झाकणाच्या डब्यात काहीतरी लपविलेले असते. ती डबा कानाशी नेऊन खुळखुळविते आणि मुलींनी ओळखावयाचे. गोड की तिखट, ओले की कोरडे, फुटते की वाकते अशी उलटतपासणी सुरू होते. एखादी मुरलेली गृहिणी डब्यास फडके गुंडाळून आवाजच दाबून टाकते, तेव्हा फौजदारी वकिलासही लाजवील असा गलका उठतो. मग हार कबूल करून, तळहातावर पडलेला चिवडा खात मेळा पुढच्या घरी जातो. कोजागिरीस या उत्सवाची सांगता होते आणि त्या रात्री मूर्तीभोवती ज्वारीच्या पाच धांड्यांचा मखर उभा करतात. ही धांडी केवळ शोभेची नव्हेत. खरिपाची ज्वारी त्या सुमारास कणसावर आलेली असते आणि शेतातले नवे पीक देवतेच्या डोक्यावर धरण्याची ती रीत आहे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत वऱ्हाडातील खरिपाच्या ज्वारीचे क्षेत्र सोयाबीनने गिळले आणि सोयाबीनला काही मखर बांधण्याजोगे धांडे नसते. त्यामुळे कोजागिरीच्या दिवशी पाच धांड्यांसाठी दोन गावे पालथी घालणारा बाप आज दिसतो. शेतकी खात्याच्या दप्तरात पीकबदलाचे जे आकडे नोंदले जातात, त्यांची ही आणखी एक नोंद समजावी.

पुरुषांची दंडार याहून ठसठशीत. दिवाळीनंतर, कापसाची वेचणी आणि रब्बीची पेरणी यांच्या मधल्या रात्रींत तिला रंग चढतो. गणाने आरंभ, मग गवळण, मग सोंगे. ढोलकी आणि टाळ यांच्या साथीने मिशा उतरविलेले सालदार आणि कास्तकार लुगडी नेसून नाचतात, आणि पहाटे तीच माणसे वखरामागे चालताना दिसतात. तमाशासारखी ही व्यवसायाची वस्तू झाली नाही, म्हणून तिचा बोभाटा झाला नाही आणि म्हणूनच आता ती फारशी दिसतही नाही. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीने मात्र आपल्या दंडारीस आणि तिच्यापासून वाढलेल्या रंगभूमीस जगविले. त्या बाबतीत वऱ्हाडाने झाडीपट्टीपुढे मान खाली घालावी, असे माझे मत आहे.

ऋतूचा हा हुकूम मोडून वर्षभर गाणारा एक मेळा वऱ्हाडाने निर्माण केला आणि त्याचे मूळ शोधू गेल्यास आपण मूर्तिजापूर तालुक्यातच येऊन पोचतो. शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर, पुढे ज्यांना गाडगेबाबा म्हणून अवघ्या महाराष्ट्राने ओळखले, ते लहानाचे मोठे झाले मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्यास, मामाच्या घरी. १९०५ मध्ये त्यांनी गृहत्याग केला. मूर्तिजापुरास त्यांनी धर्मशाळा आणि गोरक्षण उभारले. आणि २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे त्यांचा देह पडला. त्यांच्या कीर्तनात पांडित्य नव्हते. प्रश्न टाकावयाचा, श्रोत्यांकडून उत्तर वदवून घ्यावयाचे, ते उत्तर त्यांच्याच अंगावर उलटवावयाचे आणि मध्येच नामाचा गजर सुरू करून हजारोंचा जमाव एका स्वरात बोलता करावयाचा. सर्व श्रोत्यांनाच गायक करून सोडणारी ही पद्धत कोणत्याही वृंदरचनेहून विलक्षण होय.

त्यांच्याहून वयाने धाकटे तुकडोजी महाराज. १९०९ साली अमरावती जिल्ह्यातील यावली येथे ते जन्मले. मोझरीस त्यांनी गुरुकुंज आश्रम स्थापिला आणि खंजिरीस तिची आजची प्रतिष्ठा दिली. हे वाद्य केवढेसे! लाकडाचे वीतभर कडे, एका बाजूस ताणलेले चामडे, कड्याच्या खाचांत बसविलेल्या झांजऱ्या. डाव्या हाताच्या अंगठ्याने कडे पेलावयाचे आणि त्याच हाताच्या बोटांनी चामड्याचा ताण कमीअधिक करावयाचा. उजव्या हाताचा पंजा आणि बोटे पडतात, तेव्हा ताल आणि छमछम एकाच फटक्यात निघते. पेटी आणणे ज्या गावास परवडत नव्हते तेथेही खंजिरी पोचली, आणि महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांबरोबर गावोगाव भजनी मेळे उभे राहिले. सामुदायिक प्रार्थना, ग्रामसफाई, व्यसनमुक्ती यांचा उपदेश या भजनांत असे. १९४२ च्या चळवळीत सरकारने महाराजांस कैदेत टाकले ते या भजनांच्या धास्तीने, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. अकोट तालुक्यातील सिरसोलीचे सत्यपाल महाराज एकाच वेळी सात खंजिऱ्या मांडून कीर्तन करतात, त्या 'सप्तखंजिरी'चे कौतुक ऐकून पुष्कळ लोक येतात आणि दारू, हुंडा, अंधश्रद्धा यांविषयीचे चार खडे बोल ऐकून जातात. या परंपरेत नृत्य नाही हे मान्य. पण प्यात्नित्स्कीच्या मूळ मेळ्यास तरी नर्तकांचा ताफा कोठे होता?

आता दक्षिणेचा फाटा. कारंजा ओलांडून मानोरा, दिग्रस, पुसद या बाजूस गेले, की तांडे लागू लागतात. बंजारा किंवा लमाण ही जमात एके काळी हजारो बैलांचे तांडे हाकीत, मीठ आणि धान्य देशभर वाहून नेई; मोगली फौजांची रसद त्यांच्याच पाठीवर होती. भुसावळहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपुरास पोचला आणि पक्क्या सडका झाल्या, तेव्हा या धंद्याचा कणा मोडला. त्यात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने वर कलंकही लावला. बैल गेले, पण तांडा राहिला, नायक आणि कारभारी यांचा अधिकार राहिला, गोरबोली राहिली आणि फाल्गुनातील लेंगी राहिली.

होळी महिनाभरावर आली की तांड्यात रात्रीचा डफ वाजू लागतो. वाजविण्यापूर्वी तो विस्तवावर शेकावा लागतो, कारण थंडीत ढिले पडलेले चामडे बोलत नाही. दोन-चार पोरे शेकोटीभोवती डफ फिरवीत बसतात, मधूनच टिचकी मारून कान देतात, आणि आवाज टणक झाला की उठतात. नायकाची संमती मिळाल्यावर रिंगण धरले जाते. एकाने ओळ टाकावयाची, रिंगणाने ती उचलावयाची. पावले आत जातात, बाहेर येतात, कमरेतून वाकून पुन्हा ताठ होतात आणि ओळीगणिक गती वाढत जाते. स्त्रियांचे रिंगण वेगळे. आरसे, कवड्या आणि नाणी जडविलेला फेटिया आणि कांचळी यांचे वजनच एवढे असते, की गिरकी घेताना कापड मागून पोचते. घुगऱ्यांचा, बांगड्यांचा आणि कडीतोड्यांचा आवाज हेच निम्मे वाद्य. लेंगीत प्रश्न असतो, त्यास दुसऱ्या बाजूने उत्तर यावे लागते. शृंगार असतो, थट्टा असते, जमातीचे संत सेवालाल महाराज यांचे स्मरण असते. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ मध्ये मुख्यमंत्री झाले, तेव्हापासून लेंगीत त्यांचेही नाव आले ते कायमचे.

बंजाऱ्यांची होळी पेटते ती इतरांसारखी रात्री नव्हे, तर धुळवडीच्या पहाटे. त्या दिवशी गतवर्षात जन्मलेल्या मुलाची 'धुंड' होते: अंगणात मुलास मध्ये घेऊन तांड्याचे पुरुष काठीवर काठ्या आपटीत आशीर्वादाचे बोल म्हणतात आणि घरधनी त्यांस गोडधोड खाऊ घालतो. ज्या तांड्यात त्या वर्षी धुंड नाही, तेथे लेंगीस तितकासा भर येत नाही, कारण गाण्याला निमित्त हवे असते.

हीच लेंगी शाळेच्या स्नेहसंमेलनात पौष महिन्यात पाहावी. ध्वनिक्षेपकावर तयार गाणे, सहा मिनिटांचा अवधी, भाड्याने आणलेले आरशांचे घागरे आणि पालकांच्या हाती उंचावलेले भ्रमणध्वनी. मुली सुरेख नाचतात. त्यांस बक्षीसही मिळते. परंतु ओळ टाकणारा नाही, उत्तर देणारा नाही, नायक नाही आणि धुंडीचे पोरही नाही.

म्हणून मी रंगमंचाचा द्वेष करतो असे कोणी समजू नये. प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्यात १९५३ पासून दिल्लीस लोकनृत्यांचा महोत्सव होऊ लागला. नागपुरास १९८६ मध्ये दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र स्थापन झाले. शाहीर साबळे यांनी 'महाराष्ट्राची लोकधारा' उभी करून गोंधळ, वासुदेव, कोळीगीते शहरी प्रेक्षकांच्या गळी उतरविली. त्यापूर्वीही अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि गव्हाणकर यांच्या १९४४ च्या लाल बावटा कलापथकाने लोकगीताच्या चाली घेऊन गिरणगाव हलविला होता. अण्णाभाऊ पुढे १९६१ मध्ये रशियास गेले आणि त्या प्रवासावर त्यांनी पुस्तक लिहिले. या साऱ्यांचे ऋण मोठे आहे. माझी तक्रार निवडीची आहे. मंचास झगझगीत वेष आणि जलद लय लागते, त्यामुळे महाराष्ट्र म्हटला की कोळी, लावणी आणि लेझीम पुढे येतात. वऱ्हाडातून घ्यावयाचेच झाले तर लेंगी तेवढी घेतात. भुलाबाईचे संथ गाणे किंवा खेड्यातली झडती यांना त्या रोषणाईत जागा मिळाल्याचे मला तरी आढळले नाही. प्यात्नित्स्कीने मंचापूर्वी मेणाच्या नळ्या भरल्या होत्या, हा क्रम आपण उलटा केला. आज तर प्रत्येक खिशात ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे; भुलाबाईच्या आज्यांची गाणी त्यात भरून ठेवण्यास कोणत्याही खात्याची मंजुरी लागत नाही.

उत्तरेचा फाटा अचलपुरास संपतो आणि तेथून गाविलगडाचे डोंगर चढले की भाषाच पालटते. कोरकू ही मराठीची किंवा हिंदीची बोली नव्हे. ती मुंडा कुळातील, म्हणजे छोटा नागपूरच्या संथाळी-मुंडारीची दूरची नातलग आहे, आणि तिच्या कुळातील सर्वांत पश्चिमेकडील भाषा म्हणून भाषाशास्त्रज्ञ तिच्याकडे कुतूहलाने पाहतात. या लोकांची नृत्येही सपाटीवरच्यांहून निराळी. बायका एकमेकींस बिलगून अर्धवर्तुळ करतात आणि खांदा न हलविता पावलांनीच सरकतात. पुरुष ढोल आणि बासरी सांभाळतात. दिवाळीनंतर मेळघाटात जे आठवडी बाजार भरतात त्यांना 'घुंगरू बाजार' म्हणतात. गुरे राखणारे ठाट्या त्या दिवशी कवड्यांचे पट्टे आणि घुंगरू बांधून, भुगडू नावाची लांब बासरी फुंकीत, दुकानादुकानापुढे नाचतात आणि दुकानदाराकडून पैसे घेतात. वर्षभर रानात दिसणारा गुराखी त्या आठवड्यात बाजाराचा मालक असतो. धारणीच्या बाजारात कांद्याच्या ढिगाऱ्याशेजारी हा नाच चाललेला असतो आणि भाव करणारे गिऱ्हाईक ढोल थांबेपर्यंत मुकाट्याने उभे राहते.

सर्वांत मोठा सण मात्र होळीचाच. मेघनाथाचा खांब उभारला जातो, पाच दिवस फगवा चालतो, बायका वाट अडवून येणाऱ्याजाणाऱ्याकडून फगव्याचा हक्क वसूल करतात आणि नाचाला रात्र अपुरी पडते. मेळघाटात काम नाही म्हणून हेच लोक हरभरा सोंगण्यास, वीटभट्टीवर आणि बांधकामांवर अमरावती-अकोल्याच्या सपाटीत उतरलेले असतात. फाल्गुनी पौर्णिमा जवळ आली की मुकादमाने उचल वाढवून देऊ केली तरी माणूस टिकत नाही. बिऱ्हाडे, कोंबड्या आणि नवे कपडे घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे परतवाड्याच्या मोटारस्थानकावर धारणी आणि चिखलदऱ्याच्या गाडीची वाट पाहत बसतात. अनुभवी कास्तकार हे ओळखून असतो आणि हरभऱ्याची सोंगणी होळीच्या आठवड्यात धरीत नाही.